पंचफुला मेश्राम, मुलींचे वसतिगृह

आमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतली प्रत्येक ओळ खरी आहे असं मानणारी माणसं त्या काळी अख्ख्या भंडाऱ्यात दोनच होती. एक ती पुस्तिका छापणारा आणि दुसरी पंचफुला मेश्राम. छापणाऱ्याबद्दल मला आता तितकीशी खात्री वाटत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी 'विद्यार्थ्यांसाठी सोयी' असं एक पान असायचं. व्यायामशाळा, समुपदेशन कक्ष, आरोग्य तपासणी, पूरक वर्ग, शैक्षणिक सहल. लग्नपत्रिकेतली 'आपले नम्र'खालची नावं आपण जशी वाचतो, तसं आम्ही ते पान वाचायचो. म्हणजे वाचायचोच नाही. पंचफुला मात्र ते पान उघडून ऑफिसच्या खिडकीशी उभी राहायची आणि एका एका ओळीवर बोट ठेवून विचारायची, "हाये ना जी? मंग कुठी हाये?"

जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी वर्षा, अड्याळची. घरी धानाची शेती. बारावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिलीच. बी.ए.ला भंडाऱ्यात प्रवेश घेतला आणि कॉलेजच्या होस्टेलात खोली मिळाली. खोलीतली दुसरी खाट रिकामी होती. एके दुपारी एक बाई ट्रंक घेऊन दारात उभी राहिली. वय पंचेचाळीसच्या पुढचं, ठेंगणी, केसांना चपचपीत तेल, गुलाबी साडी. मला वाटलं, कोणाची तरी आई पोचवायला आलीय.

"काकू, तुमची मुलगी कुठे आहे?" मी विचारलं.

"वर्ध्याले. सासरी." तिनं ट्रंक पायानं खाटेखाली ढकलली. "हे खाट माही हाये. आन काकू गेटच्या बाहेर. इथं मी पंचफुला."

माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला नावानं हाक मारायची म्हणजे जीभ अडखळायची. शेवटी मी एक तोडगा काढला. नाव एकेरी आणि क्रियापद आदरार्थी. "पंचफुला, तुम्ही आंघोळीला जाता का?" असं आमचं तीन वर्षं चाललं.

तिला होस्टेल कसं मिळालं, हा कॉलेजात मोठा चर्चेचा विषय होता. तिचा नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला, राहायला तिथलंच क्वार्टर. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा नोकरीला पुण्यात. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिनं बाहेरून बारावी केली आणि सरळ कॉलेजात आली. प्राचार्य म्हणाले, "बाई, जवाहरनगरहून भंडाऱ्याला दिवसभर गाड्या आहेत. तुम्हाला होस्टेल कशाला?"

"नियमात काय लिहून हाये जी सर? शहराबाहेरची पाहिजे. मी बाहेरची. मुलगी पाहिजे. मी काही पोरगा नाही."

प्राचार्यांनी सकाळभर नियम चाळले. होस्टेलात हीटर, कुत्रे आणि पुरुष आणू नयेत हा नियम सापडला. वयाचा सापडला नाही.

आमच्या वॉर्डन लांजेवार मॅडम तिच्याहून बऱ्याच लहान. संध्याकाळी हजेरी घेताना त्या आम्हा सगळ्यांवर कडाडायच्या आणि पंचफुलाचं नाव आलं की आवाज एकदम मऊ करायच्या. एकदा ती बाजारातून उशिरा आली. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, नुसतं "असू द्या" म्हणाल्या. पंचफुला तिथून हललीच नाही.

"मले काहून रागवत नाही जी मॅडम? या पोरींले रागावता. मी बी फी भरली हाये."

मॅडमनी तिला रागवावं म्हणून ती उभीच राहिली. शेवटी बिचाऱ्या मॅडम खाली बघत "पुन्हा असं करू नका" म्हणाल्या, तेव्हा कुठे ही समाधानानं खोलीत आली. "आता झालं बरोबर," म्हणाली.

मग सुरू झाला पुस्तिकेचा हिशोब चुकता करायचा उद्योग. व्यायामशाळेला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. पंचफुलानं आठवडाभर ऑफिसात फेऱ्या मारून किल्ली शोधायला लावली. आत एक जागेवरच चालणारी सायकल होती. साडीचा काष्टा मारून ती रोज सकाळी त्या सायकलवर बसायची आणि अर्थशास्त्राच्या व्याख्या पाठ करायची. मागणी म्हणताना उतार, पुरवठा म्हणताना चढ. आम्ही मुली दारातून हसायचो. पंधरवड्यानं हसणाऱ्याच रांगेत उभ्या होत्या.

समुपदेशन कक्षात मोडके बाक आणि जुन्या गणपतीची थर्माकोलची आरास ठेवलेली होती. त्याचे प्रमुख मानसशास्त्राचे कापगते सर. त्यांच्याकडे आजवर एकही विद्यार्थी गेला नव्हता.

"मले समुपदेशन पाहिजे," पंचफुला म्हणाली.

सर गडबडून उभे राहिले. "समस्या काय आहे तुमची?"

"समस्या असल्याशिवाय देत नाही का?"

"नाही, तसं काही नाही. पण काहीतरी..."

पंचफुलानं विचार केला. "मंग असं लिहा. बाकी सगळ्या पोरी पहिल्या महिन्यात घरच्या आठवणीनं रडल्या. मले रडू नाही आलं. माह्यात काही कमी हाये का?"

सरांनी तिला तासभर समजावलं. ती परत आली ती खुशीत. "सर म्हणते, येईल. वेळ द्या." त्यानंतर कापगते सरांनी ती आरास बाहेर काढली, बाक पुसून घेतला आणि दाराला पाटी लावली. त्यांचं नशीब उघडल्यासारखंच झालं. होस्टेलच्या मुली खरोखरच बोलायला जाऊ लागल्या.

आरोग्य तपासणीही तिनंच ओढून आणली. त्यात माझ्या अंगात रक्त कमी निघालं. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या उशीशी शेंगदाणे-गुळाची वाटी असायची आणि ती संपेपर्यंत पंचफुला कमरेवर हात ठेवून समोर उभी असायची.

रविवार हा भेटीचा दिवस. पहिल्याच रविवारी फाटकाशी एक उंच, सडपातळ माणूस डबा घेऊन आला. खाकी पँट, पांढरा शर्ट. "जय भीम" म्हणून त्यानं चौकीदाराला नमस्कार केला आणि पंचफुलाला भेटायचं म्हणाला. चौकीदारानं रजिस्टर उघडलं.

"नातं?"

"नवरा."

चौकीदाराचं पेन थांबलं. रजिस्टरात वडील होते, भाऊ होते, पालक होते. मुलींच्या होस्टेलात नवरा कुठल्या रकान्यात घालायचा हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो वॉर्डनकडे धावला. वॉर्डन प्राचार्यांकडे. शेवटी सुखदेव मेश्राम यांची नोंद पंचफुला मेश्राम यांचे 'स्थानिक पालक' अशी झाली, फोटोसकट. पंचफुलाचा यावर काही आक्षेप नव्हता. "चालते. मंग माह्या प्रगतिपुस्तकावर सही बी त्यायनंच करावं लागन," एवढंच म्हणाली.

दर रविवारी ती दोघं कडुलिंबाखालच्या बाकावर बसायची. मधे चार खणांचा डबा. स्वयंपाक मेश्रामकाकांनी केलेला असायचा. भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी, कधी तलावाची मासोळी. दोघं तिथंच जेवायची आणि जेवताना पंचफुला आठवडाभर वर्गात जे शिकली ते त्यांना सांगायची. काका सातवी झालेले. इंग्रजीच्या पुस्तकात एका वादळात सापडलेल्या खलाशाचा धडा होता. तो त्यांना फार आवडायचा.

"मंग? पोचला का तो घरी?" काका विचारायचे.

"ते पुढच्या रविवारी सांगतो. सरांनं अजून शिकवलं नाही."

आम्ही वरच्या गॅलरीतून बघायचो. लग्न होऊन पंचवीस वर्षं झालेली ती दोघं पुस्तकभर अंतर ठेवून बसायची, आणि तरी गॅलरीतून बघताना आम्हाला लाज वाटायची.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि सगळं थंड पडलं. पंचफुला इंग्रजीत नापास. मीही नापास. एक विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षाला जाता येत होतं. पण तो सुटला नाही तर तिसऱ्याचं दार बंद आणि होस्टेलची खाटही बंद. माझ्या बाबांनी स्पष्टच सांगितलं, "आणखी एक वर्ष पाहतो. मंग मात्र घरी ये. पोरगा पाहून ठेवला हाये." क्वार्टरच्या बायकांनी पंचफुलाची वेगळीच थट्टा मांडली. बसस्टॉपवर तिला ऐकू जाईल असं एक बाई म्हणाली, "नवऱ्याले उपाशी ठेवून इंग्रजीत भोपळा आणला."

त्या रविवारी पंचफुला पहिल्यांदा खाली गेली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. निरोप द्यायला मी गेले. काका बाकावर बसले होते, शेजारी डबा. मी सांगितलं की ती येत नाहीये, निकालानं मनाला लावून घेतलंय.

त्यांनी डब्याची कडी पुन्हा घट्ट लावली. मग म्हणाले, "तिले म्हणा, मीच पाठवलं होस्टेलात. घरी राह्यली असती तं पाहुणे, सण, आल्यागेल्याचा चहा. आन सगळ्यात जास्त मीच. सवय हाये ना पोरी मले. ती पुस्तक घेऊन बसली का मी चहा मागतो. मले कळते, तरी मागतो. म्हणून म्हटलं, तू जाय." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "आन हे बी म्हणा, का तो खलाशी अजून पाण्यातच हाये."

मी शब्दन् शब्द तसाच सांगितला. पंचफुला उठून बसली. डबा उघडून जेवली. हात धुतले आणि पुस्तिका काढली. "पूरक वर्ग," तिनं मोठ्यानं वाचलं. "हाये ना? मंग कुठी हाये?"

पूरक वर्ग कागदावर होता. तो घ्यायचे ठवकर सर, तरुण होते, तासिका तत्त्वावर होते आणि कंटाळलेले होते. "विद्यार्थी येतच नाहीत," ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. नोटीस बोर्डावर वर्गाचं नाव होतं 'अप्रगत विद्यार्थ्यांसाठी पूरक मार्गदर्शन'. स्वतःहून कोण जाऊन म्हणणार, मी अप्रगत!

"पोरं मी आणतो जी. तुमी फक्त शिकवा," पंचफुला म्हणाली.

तिनं ती नोटीस काढली आणि वर्गाच्या दारावर स्वतःच्या अक्षरात नवी लावली. 'येथे फक्त नापासांना प्रवेश. पास झालेल्यांनी गर्दी करू नये.'

पहिल्या दिवशी आम्ही दोघीच. दुसऱ्या दिवशी कँटीनमधून तिनं तिघांना दंडाला धरून आणलं. आठवडाभरात बाक कमी पडले. मग कहर झाला. पास झालेली दोन मुलं दाराशी येऊन विनवू लागली, आम्हालाही बसू द्या. पंचफुला दारात आडवी. "मार्कशीट दाखवा. पास? मंग नाही जमत." ठवकर सरांनी मध्यस्थी केली म्हणून त्यांना मागच्या बाकावर जागा मिळाली.

ठवकर सर बदललेच. ज्या माणसाला वर्गात जांभया यायच्या तो आता घंटा झाली तरी थांबेना. पंचफुला दिसेल त्याच्याशी इंग्रजी बोलू लागली. मेसच्या भाजीला ती 'पास्ट टेन्स' म्हणायची. चौकीदाराला रोज सकाळी "हाऊ इज युवर गेट?" विचारायची आणि तो रोज "ठीक हाये" म्हणायचा.

शैक्षणिक सहलही तिनंच मागून घेतली. ठरलं आंबागड. सरांची एकच अट, किल्ला चढेपर्यंत मराठी बोलायचं नाही. निम्म्या वाटेवर सगळे मुके झाले. पंचफुला मात्र धापा टाकत, साडी खोचून, दिसेल ते बोलत होती. "ट्री. बिग ट्री. मंकी ऑन द ट्री. मंकी इज लुकिंग ॲट सर." वर बुरुजावर पोचल्यावर ती खालच्या धानाच्या बांध्यांकडे इतका वेळ पाहत राहिली, की सर म्हणाले, "पंचफुला, से समथिंग." ती म्हणाली, "सर, आय हॅव कम व्हेरी अप."

ते वाक्य चूक होतं. सरांनी दुरुस्त केलं नाही.

परीक्षेत निबंध आला, 'एक संस्मरणीय प्रवास'. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय लिहिलं? "आंबागड," ती म्हणाली. "माकडासकट."

निकालाच्या दिवशी बोर्डापुढे एवढी गर्दी होती की तिची ठेंगणी मूर्ती मागेच राहिली. मी आत घुसले आणि आधी तिचं नाव शोधलं, मग माझं. दोन्ही होती. मी तिथूनच ओरडले. नापासांच्या वर्गातले एक सोडून सगळे पास झाले होते. पोरांनी पंचफुलाला उचलायचा प्रयत्न केला. तिनं त्यांना हाणलं. ठवकर सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणीतरी म्हणालं, "पंचफुला तर काठावर पास झालीय." ती म्हणाली, "काठावर हाये, म्हणजे पाण्याच्या बाहेर हाये ना?"

आणि जो एक राहिला होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिनं सरांना बजावलं, "सर, वर्ग बंद नाही करायचा. हा हाये अजून."

त्या रविवारी खलाशी घरी पोचला. काकांनी डब्यात लाडू आणले होते. फाटकाच्या चौकीदारापासून लांजेवार मॅडमपर्यंत सगळ्यांना वाटले. बसस्टॉपवरच्या त्या बाईलाही पंचफुलानं मुद्दाम जाऊन लाडू दिला आणि सांगितलं, "तुमच्या सुनेले पाठवा. होस्टेलात खाट रिकामी हाये."

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाची पाहणी समिती आली. प्राचार्यांची झोप उडाली होती. दरवर्षी सोयी दाखवायची वेळ आली की किल्ल्या हरवायच्या. या वेळी सगळी दारं उघडी होती, कारण ती दोन वर्षं बंदच झाली नव्हती. समितीला सगळं दाखवायला कोणीतरी हवं होतं. प्राचार्यांनी एकदा प्राध्यापकांकडे पाहिलं आणि पंचफुलाला बोलावलं.

ती गुलाबी साडी नेसून पुढे आणि समिती मागे. "दिस इज जिम. आय ॲम रेग्युलर." "दिस इज काउन्सेलिंग. सर लिसन्स व्हेरी गुड." पूरक वर्गाच्या दारावरची पाटी वाचून समितीचे अध्यक्ष हसले आणि तिला इंग्रजीतच विचारलं, "मॅडम, आपण कोणत्या विभागात शिकवता?"

"नो सर," पंचफुला म्हणाली. "आय ॲम स्टुडंट. थर्ड इयर. वन टाइम फेल."

अध्यक्ष थांबले. मग त्यांनी हातातली फाईल शेजाऱ्याकडे दिली आणि दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला. व्हरांड्यात उभ्या असलेल्या आम्हा मुलींनी जी टाळी सुरू केली ती पलीकडच्या इमारतीपर्यंत पसरली. प्राचार्यही वाजवत होते.

त्या वर्षी ती बी.ए. झाली. मीही झाले. अड्याळला पाहून ठेवलेला पोरगा पाहूनच राहिला. मी पुढे शिकले आणि आज स्वतः शिकवते.

निकालानंतर प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं, "आपल्याकडे एम.ए. सुरू होतंय. तुमची खाट तुमच्यासाठीच ठेवलीय. अर्जसुद्धा नको."

"एम.ए. करतो जी," पंचफुला म्हणाली. "पण बाहेरून. होस्टेल पुरे."

आम्हाला कोणालाच खरं वाटेना. मिळणारी एकही सोय जिनं कधी सोडली नाही, ती समोर आलेली खाट परत करत होती! ट्रंक भरताना मी विचारलं, "पंचफुला, घरून कोणी काही बोललं का?"

"कोण बोलणार? त्यायनं तीन वर्षांत एकदा बी घरी ये म्हटलं नाही." ती साडीची घडी घालत राहिली. "मागच्या महिन्यात बाकावर बसले होते. शर्ट वर झाला तं मले पट्टा दिसला. त्याले नवीन छिद्र. घरीच पाडलेलं, खिळ्यानं. त्याच्या बाजूले आणखी एक जुनं, ते बी खिळ्याचंच. मी म्हटलं, रोज काय खाता? तं म्हणे, कँटीनमधी खातो, मस्त खातो. मंग मी शेजारणीले विचारलं." तिनं घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. "चहा-पाव, वर्षा. आठवडाभर चहा-पाव. आमच्या घरी गॅस रविवारीच पेटते."

  ट्रंकेचं झाकण बसत नव्हतं, म्हणून आम्ही दोघी त्यावर बसलो.

पुढच्या महिन्यात मी जवाहरनगरला तिच्या क्वार्टरवर गेले. दुपारची वेळ. दार उघडंच होतं. काका ड्यूटीवरून आलेले, पाटावर जेवायला बसलेले. समोर पंचफुला भिंतीला टेकून, मांडीवर एम.ए.चं जाडजूड पुस्तक मिटलेलं. मला पाहून काका संकोचानं उठू लागले.

"बसा," तिनं त्यांना खाली बसवलं आणि मला खुणेनंच जागा दाखवली. "थांब वर्षा. यायचं जेवण होऊ दे."

आम्ही दोघी बसून त्या माणसाचं जेवण बघत राहिलो. त्यांनी पुरे म्हणून हात आडवा धरला, तो तिनं बाजूला केला आणि भात वाढला. तो संपला. तिनं आणखी एकदा वाढला. तोही सावकाश, मान खाली घालून त्यांनी संपवला. मग पंचफुलानं पदरानं हात पुसले आणि पुस्तक उघडलं.